संशयितांची निशाणे

डिसेंबर १८५७ च्या पहिल्या आठवड्यात हरसूलचा बाजार लुटला गेला. हरसूल तेव्हा पेठ संस्थानात होते. त्र्यंबकच्या खजिन्यावर भिल्ल आणि ठाकर चालून गेले, त्याला एक-दोन दिवसही उलटले नव्हते. दोनच महिन्यांपूर्वी नांदूर शिंगोट्याला बंडखोर भागोजी नाइकाशी झालेल्या चकमकीत पोलीस सुपरिटेंडेंट लेफ्टनंट हेन्री ठार झाला होता. नाशिकपासून पश्चिमेच्या घाटापर्यंतचा सारा डोंगरी मुलूख सरकारच्या दृष्टीने संशयित ठरला. पेठच्या घराण्यातल्या भगवंतरावांना साथीदारांसह फाशी देण्यात आली. महादेव कोळी, कोकणा, वारली, ठाकर, भिल्ल या साऱ्यांकडे अंमलदार एकाच नजरेने पाहू लागले.

आणि नेमक्या त्याच हिवाळ्यात सरकारने या डोंगरांतल्या कोळ्यांची एक पलटण उभी केली. कॅप्टन नटॉल तिचा प्रमुख. संख्या ६००. जावजी नाईक बांबळे हे मुख्य जमादार. कोळ्यांच्या बंडाचे पुढारी राघोजी भांगऱ्यांना ठाण्याला फासावर चढवून (२ मे १८४८) दहा वर्षेही झाली नव्हती, आणि आता त्यांच्याच जमातीतल्या माणसांच्या हाती सरकार बंदूक आणि संगीन देत होते. हिशेब सरळ होता. या दऱ्याखोऱ्यांत बंडखोरांचा माग काढणे दुसऱ्या कोणाला जमणारे नव्हते. शिवाय कोळी पलटणीत आला म्हणजे तो बंडात जाणार नाही.

या कोळी पलटणीचा पोशाख गॅझेटियरने नोंदवून ठेवला आहे. डोक्याला गर्द हिरवे पागोटे, अंगात गर्द हिरवी बंडी, कमरेपासून गुडघ्यापर्यंत रक्तासारख्या काळपट तांबड्या रंगाचे वस्त्र, कूच करताना पायात वहाणा. तंबू नाहीत, गाड्या नाहीत. प्रत्येकाचे सामान, शिधा आणि भांडी त्याच्याच पाठीवर. शिस्तीची, मेहनतीची पलटण म्हणून वरिष्ठांनी तिची वाखाणणी केली. मार्च १८६१ मध्ये ती मोडली. थोडे लोक पोलिसांत गेले, बाकीचे आपल्या शेताकडे आणि मजुरीकडे परतले.

राज्यकर्त्यांना ज्या समाजाचा भरवसा वाटत नाही त्याच समाजातून सैनिक घेण्याची वेळ त्यांच्यावर वारंवार येते. मग त्या सैनिकाच्या टोपीवर, बाहीवर, निशाणावर काय असावे हा प्रश्न उभा राहतो. तो वरवर शिंप्याच्या कामाचा दिसतो, पण त्याच्या पोटात राजकारण असते. चिन्ह देणे म्हणजे विश्वास टाकल्याची पावती देणे. ती पावती युद्ध संपल्यावर कोण जपून ठेवतो आणि कोणापुढे धरतो, यावर त्या चिन्हाचे पुढचे आयुष्य ठरते. सह्याद्रीच्या या बाजूला याची सर्वांत लांबलेली कहाणी महार सैनिकांची आहे. जगाच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत, जपानी वंशाच्या अमेरिकन सैनिकांनी तीच लढाई आपल्या निशाणांवरून लढली. दोन्ही कहाण्या शेजारी ठेवल्या की एकीचा उजेड दुसरीवर पडतो.

स्तंभावरची नावे

पुणे-नगर रस्त्यावर भीमेकाठी कोरेगावला १ जानेवारी १८१८ रोजी कॅप्टन स्टाँटनच्या हाताखालची मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्रीची पलटण पेशव्यांच्या फौजेशी दिवसभर झुंजली. कंपनी सरकारने तिथे स्तंभ उभारला. पायाचा दगड १८२१ मध्ये बसला. कंपनीच्या बाजूने पडलेल्यांची नावे त्यावर कोरली, आणि त्यांत ‘नाक’ या शेवटाची, म्हणजे महार सैनिकांची, नावे मोठ्या संख्येने आहेत. कंपनीला आपला विजय मिरवायचा होता. पण तसे करताना तिने एक गोष्ट नकळत करून ठेवली: ज्यांना गावाच्या वेशीत उभे राहण्याची मुभा नव्हती त्यांची नावे तिने सरकारी दगडावर कायमची लिहिली.

मुंबई इलाख्याच्या सैन्यात महारांची भरती पुढेही होत राहिली. पलटणीत मुलांसाठी शाळा असत, पगार रोख मिळे, बढती मिळून सुभेदारापर्यंत जाता येई. रामजी सकपाळ सुभेदार झाले, महूच्या लष्करी शाळेत शिक्षक झाले. तिथेच १४ एप्रिल १८९१ रोजी भीमराव आंबेडकरांचा जन्म झाला. आणि त्याच सुमारास दार बंद झाले. हिंदुस्थानातल्या काही जाती जन्मतः लढवय्या आणि बाकीच्या नालायक, हे तत्त्व सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्सच्या काळात लष्करी धोरण बनले. १८९२-९३ च्या सुमारास पलटणी जातवार रचल्या जाऊ लागल्या आणि महारांची भरती थांबली. ज्यांचे आजे-पणजे कोरेगावच्या स्तंभावर होते त्यांना सांगण्यात आले की तुम्ही लढाऊ नाही.

याला पहिले उत्तर पेन्शनरांनी दिले. कोकणात दापोलीच्या आसपास निवृत्त महार सैनिकांची मोठी वस्ती होती. त्यांच्यापैकी एक गोपाळबाबा वलंगकर. १८८६ मध्ये ते सैन्यातून बाहेर पडले, जोतीराव फुल्यांच्या विचारांचा संस्कार त्यांच्यावर होता. त्यांनी अनार्य दोष परिहारक मंडळी स्थापन केली, वर्तमानपत्रांत लिहिले, आणि १८९४ मध्ये सैन्यभरती पुन्हा सुरू करावी यासाठी अर्ज तयार केला. या मंडळींपाशी निशाण नव्हते की बँड नव्हता. त्यांच्यापाशी होते ते नोकरीचे दाखले, पदके आणि पलटणींचे क्रमांक. मागणीचा सारा जोर त्याच पुराव्यावर होता: आमच्या बापजाद्यांनी अमुक पलटणीत, अमुक लढाईत चाकरी केली, मग आम्ही आज अपात्र कसे?

हीच मागणी पुण्याकडून शिवराम जानबा कांबळे यांनी पुढे नेली. १९०३ मध्ये सासवडला ५१ गावांच्या महारांची सभा भरवून त्यांनी सरकारकडे अर्ज केला, आणि १९१० मध्ये थेट लंडनला भारतमंत्र्यांपर्यंत तो पोहोचवला. पोलिसांत घ्या, सैन्यात घ्या. सरकारने कान दिला तो १९१७ मध्ये, महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा. १११ वी महार्स ही पलटण उभी राहिली. युद्ध संपले, खर्चाची कात्री लागली, ती दुसऱ्या पलटणीत मिसळली आणि १९२१ मध्ये मोडली. कोळी पलटणीचीच ही पुनरावृत्ती होती. गरज सरताच चिन्ह परत घेतले गेले.

फरक इतकाच की या वेळी मागे संघटित माणसे होती. पेन्शनर आणि सुटून आलेले शिपाई रिकामे बसले नाहीत. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोरेगावच्या स्तंभापाशी गेले आणि जुन्या लष्करी स्मारकाला नवा अर्थ मिळाला. अडीच महिन्यांनी महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्या सत्याग्रहाची व्यवस्था, रांगा, पहारे यांत माजी सैनिकांचा हात होता, आणि त्याच वळणातून समता सैनिक दल उभे राहिले. २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाची मिरवणूक निघाली. तिच्या अग्रभागी लष्करी चालीवर वाजणारा बँड होता आणि लोक चार-चारांच्या ओळीत चालत होते. दिंडोरीकडचे भाऊराव तथा दादासाहेब गायकवाड ती मोहीम पुढे पाच वर्षे चालवत राहिले. पलटणीतली चाल सैन्याने काढून घेतली होती. ती माणसांनी गोदाकाठच्या रस्त्यावर आणली.

बेळगावचा बिल्ला

दुसरे महायुद्ध पेटले तेव्हा बाबासाहेबांनी हा प्रश्न पुन्हा लावून धरला. जुलै १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळावर त्यांची नेमणूक झाली, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. लेफ्टनंट कर्नल जॅक्सन तिचे प्रमुख होते. दुसरी बटालियन कामठीला उभी राहिली. तिचे सुभेदार मेजर भोलाजी रांजणे.

नव्या रेजिमेंटला टोपीवरचा बिल्ला हवा होता. दुसऱ्या बटालियनमधल्या कॅप्टन मॉर्टलमन्स या अधिकाऱ्याने तो रेखाटला: एकमेकींना छेदणाऱ्या दोन व्हिकर्स मशिनगन, त्यांच्यामध्ये कोरेगावचा स्तंभ, खाली रेजिमेंटचे नाव. एवढ्याशा धातूच्या तुकड्यावर १२० वर्षांचा युक्तिवाद बसवला होता. १८९४ चा अर्ज, १९१० चा अर्ज, १९२७ ची भेट, या साऱ्यांनी जे शब्दांत सांगितले तेच आता प्रत्येक शिपायाच्या कपाळावर होते. रंगरूट म्हणून आलेला खेड्यातला पोरगा पहिल्यांदा टोपी घालायचा तेव्हा आपण नवखे नसून परतलेले आहोत, हे त्याला बिल्लाच सांगत असे.

युद्धकाळात रेजिमेंटच्या काही बटालियन वायव्य सरहद्दीवर होत्या. दुसरी ब्रह्मदेशात गेली. पण रेजिमेंटची खरी परीक्षा युद्धानंतर झाली. १९४६ मध्ये ती मशिनगन रेजिमेंट म्हणून नव्याने रचली गेली आणि १९४७ मध्ये पंजाब सीमा दलात तिच्या तुकड्या निर्वासितांच्या काफिल्यांना संरक्षण देत होत्या. माणसे धर्म विचारून मारली जात असताना, जातीच्या नावावर उभी राहिलेली रेजिमेंट दोन्ही बाजूंच्या निर्वासितांची राखण करत होती. या वेळी मात्र ती मोडली गेली नाही.

स्वातंत्र्यानंतर बिल्ला बदलला. कोरेगावचा स्तंभ कंपनी सरकारच्या विजयाचा होता. स्वतंत्र देशाच्या सैन्याने तो टोपीवर ठेवावा का, हा प्रश्न सरळच होता. स्तंभाच्या जागी खंजीर आला, ब्रीद ‘यश सिद्धी’ झाले. पुढे या रेजिमेंटमध्ये सर्व प्रांतांचे आणि समाजांचे जवान आले. जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख तिने दिले. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत पडलेले ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन परमवीरचक्राचे मानकरी ठरले. चिन्हातून स्तंभ गेला, तरी ज्या हक्कासाठी तो टोपीवर आला होता तो हक्क आता कोणी काढून घेऊ शकत नव्हते.

पिवळा हात आणि मशाल

आता पॅसिफिकच्या पलीकडे जाऊ. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. १९ फेब्रुवारी १९४२ च्या हुकमाने अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे सुमारे १,२०,००० जपानी वंशाचे लोक घरे-दुकाने सोडून काटेरी तारांच्या छावण्यांत गेले. त्यांतले बहुसंख्य अमेरिकेत जन्मलेले नागरिक होते. त्या वंशाच्या तरुणांना सैन्याची दारे बंद झाली.

यापूर्वीही एक पिढी हे सोसून बसली होती. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात लढलेल्या जपानी पुरुषांना, ते आशियाई म्हणून, नागरिकत्व नाकारले गेले होते. माजी सैनिक तोकुतारो स्लोकम यांनी वॉशिंग्टनमध्ये खेटे घातले आणि १९३५ मध्ये काँग्रेसने खास कायदा करून अशा सैनिकांना नागरिकत्व दिले. त्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये जपानी माजी सैनिकांनी अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेची स्वतःची शाखा काढली: कमोडोर पेरी पोस्ट, क्रमांक ५२५. लीजनच्या सगळ्या शाखांचे निशाण एकाच साच्याचे असते. निळी जमीन, मधोमध लीजनचे चिन्ह, त्याभोवती शाखेचे नाव, क्रमांक आणि गाव. वेगळेपण दाखवायला जागा असते ती नावापुरती. या मंडळींनी नाव निवडले ते १८५३ मध्ये आरमार घेऊन जपानच्या दारात उभ्या राहिलेल्या अमेरिकन अधिकाऱ्याचे. आपली निष्ठा कोणाकडे आहे याबद्दल कोणाला शंका राहू नये, ही त्यामागची धडपड उघड आहे. तिचा उपयोग झाला नाही. पर्ल हार्बरनंतर पहिल्या महायुद्धाचे हे पदकधारी सैनिकही छावण्यांत गेले, स्लोकम मांझानारला.

हवाई बेटांवरची गोष्ट निराळी होती. तिथे जपानी वंशाचे लोक इतके होते की त्यांना उचलून नेले असते तर बेटांचा कारभार थांबला असता. हवाईच्या नॅशनल गार्डमधले सुमारे १,४०० जपानी वंशाचे सैनिक जून १९४२ मध्ये मुख्य भूमीवर हलवून त्यांची १०० वी बटालियन करण्यात आली. तिच्या निशाणाचा प्रश्न आला तेव्हा युद्धखात्याने ‘आनंदी असा’ अशा अर्थाचे एक गुळमुळीत ब्रीद सुचवले. सैनिकांनी ते नाकारले आणि ‘पर्ल हार्बर विसरू नका’ हे ब्रीद मागून घेतले. शत्रूचा चेहरा ज्यांच्या चेहऱ्यासारखा होता त्यांनी शत्रूच्या हल्ल्याचे नाव आपल्या निशाणावर लिहिले. त्यासोबत हवाईच्या सरदारांचे पिसांचे शिरस्त्राण आणि अळूच्या कुळातले, अरिष्ट दूर ठेवते असे मानलेले, एक पान होते. मायदेश म्हणून जपानची एकही खूण त्यावर नव्हती. मायदेश म्हणून हवाई होती.

फेब्रुवारी १९४३ मध्ये स्वयंसेवकांची ४४२ वी रेजिमेंटल कॉम्बॅट टीम उभारण्याची घोषणा झाली. तिच्यासाठी वरून आलेल्या पहिल्या चिन्हात पिवळा हात होता, आणि त्या हातात रक्ताळलेली तलवार. रेखाटणाऱ्याला कदाचित शौर्य दाखवायचे असेल. पण अमेरिकेतल्या रस्त्यावर ‘पिवळा’ ही शिवी होती, आणि रक्ताळलेली तलवार वर्तमानपत्रांतल्या जपानी सैनिकाच्या व्यंगचित्रात होतीच. ते चिन्ह बाहीवर लावून लढायला जायचे म्हणजे ज्या संशयावर मात करायची तोच अंगावर मिरवायचा. रेजिमेंटमधल्या मिचेल मियामोतो या सैनिकाच्या रेखाटनातून नवे चिन्ह आले: निळ्या जमिनीवर मशाल उचललेला हात, न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीचा. हात तोच राहिला. त्यातली वस्तू आणि कातडीचा रंग बदलला. कॅप्टन मॉर्टलमन्सच्या बिल्ल्याने भूतकाळ कपाळावर आणला होता; मियामोतोच्या चिन्हाने भूतकाळ बाजूला सारून नागरिकत्वाचे वचन पुढे धरले. महार सैनिकाला सिद्ध करायचे होते की मी इथे आधीपासून आहे. जपानी वंशाच्या अमेरिकन सैनिकाला सिद्ध करायचे होते की मी इथलाच आहे, तिथला नाही.

इटलीतला एकच वसंत

या दोन कहाण्या नकाशावरही एकमेकींच्या जवळून गेल्या. १०० वी बटालियन सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीत उतरली, ४४२ वी जून १९४४ च्या अखेरीस मोर्चावर आली. त्याच उन्हाळ्यात दहावी हिंदी डिव्हिजन वरच्या टायबर खोऱ्यात पुढे सरकत होती. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, तिसरी बटालियन, पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री, यांनी १० जुलै १९४४ रोजी एकट्याने मशिनगनची जागा घेतली आणि तिथेच ते पडले. एप्रिल १९४५ च्या शेवटच्या चढाईत ५ तारखेला पश्चिमेच्या डोंगरांत ४४२ व्या रेजिमेंटचा सदाओ मुनेमोरी साथीदारांना वाचवण्यासाठी हातबॉम्बवर झेपावला. त्याची आई त्या वेळी मांझानारच्या छावणीत होती. चारच दिवसांनी पूर्वेला सेनिओ नदीकाठी संगमनेर तालुक्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव जखमींना पाठीवर घेऊन पूरबांध ओलांडत होते. त्यांनी एकामागून एक मशिनगन बंद पाडल्या आणि उभे राहून मराठ्यांची रणगर्जना केली. घाडगे आणि जाधव दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मराठ्यांना मात्र आपण लढाऊ आहोत हे कोणाला पटवून द्यावे लागले नव्हते. मुनेमोरीच्या रेजिमेंटला ते मरूनही पटवून द्यावे लागले: एवढ्या शौर्यानंतर सर्वोच्च पदक युद्धानंतर एकट्या मुनेमोरीला मिळाले, आणि पुनर्विचार होऊन आणखी २० जणांची पदके वाढवली गेली ती २००० साली.

निशाणाची परीक्षा मधेच झाली होती. ऑक्टोबर १९४४ मध्ये फ्रान्सच्या व्होज डोंगरांत वेढ्यात अडकलेली टेक्सासची बटालियन ४४२ व्या रेजिमेंटने सोडवली. सुटलेले २११, सोडवणाऱ्यांची हानी त्याहून कितीतरी अधिक. १२ नोव्हेंबरला ब्रुयेरजवळ पाहणी झाली. निशाण घेतलेले चार-पाच जण ताठ उभे आणि मागे विरळ झालेल्या रांगा, असे त्या दिवसाचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. पाहणी करणाऱ्या जनरलला वाटले की पूर्ण रेजिमेंट हजर केलेली नाही. जेवढी उरली होती तेवढी हजर होती, असे त्याला सांगावे लागले.

त्याच महिन्यात ओरेगनमधल्या हूड रिव्हर गावात अमेरिकन लीजनच्या शाखेने गावच्या सन्मानफलकावरून जपानी वंशाच्या १६ सैनिकांची नावे पुसून टाकली. त्यांतला फ्रँक हाचिया त्या वेळी फिलिपीन्समध्ये होता. जानेवारी १९४५ मध्ये जखमांनी तो मरण पावला. देशभर टीका झाल्यावर नावे पुन्हा लिहिण्यात आली. फलक पुसणारे पहिल्या महायुद्धातून आलेले सैनिकच होते, म्हणजे नावे पुसणे हे अज्ञानाचे काम नव्हते. सैन्यात असणे म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होते, आणि म्हणूनच त्या यादीत ही नावे नकोत असे त्यांना वाटत होते.

१५ जुलै १९४६ रोजी वॉशिंग्टनमध्ये पावसात अध्यक्ष ट्रूमन यांनी ४४२ व्या रेजिमेंटच्या निशाणाला सन्मानाची फीत बांधली. शत्रूशी लढलात तसे दुजाभावाशीही लढलात आणि जिंकलात, असे ते म्हणाले. पण घरी परतलेल्या सैनिकांना माजी सैनिकांच्या अनेक शाखांची दारे तेव्हाही बंद मिळाली. मग त्यांनी स्वतःच्या शाखा काढल्या: होनोलुलूत ‘क्लब १००’, सिएटलमध्ये १९४६ ची नीसेई (अमेरिकेत जन्मलेल्या दुसऱ्या पिढीची) व्हेटरन्स कमिटी, सॅक्रामेंटोत व्हेटरन्स ऑफ फॉरेन वॉर्सची नीसेई पोस्ट ८९८५. लॉस एंजेलिसमध्ये लीजनच्या एका शाखेला मुनेमोरीचे नाव मिळाले. पेरीच्या नावाच्या निशाणापासून मुनेमोरीच्या नावाच्या निशाणापर्यंतचे अंतर जेमतेम एका पिढीचे आहे. पहिल्या पिढीला आपली निष्ठा सांगायला दुसऱ्याच्या वीराचे नाव उसने घ्यावे लागले. दुसरीने स्वतःचा मेलेला मुलगा निशाणावर लिहिला.

वेगळी शाखा म्हणजे विजय की पराभव? दोन्ही. एकत्र बसू दिले असते तर वेगळ्या निशाणाची गरजच नव्हती. पण वेगळे निशाण नसते तर १९४६ ची फीत संग्रहालयातल्या कपाटात राहिली असती आणि १९८८ मध्ये छावण्यांबद्दल माफी व भरपाई देणारा कायदा मागायला, २०१० मध्ये काँग्रेसचे सुवर्णपदक मंजूर करून घ्यायला संघटित वृद्ध माणसे उरली नसती. उजवा हात इटलीत गमावलेले डॅनियल इनोये सिनेटमध्ये होते हे खरे, पण त्यांच्यामागे हवाईच्या माजी सैनिकांची आणि त्यांच्या कुटुंबांची मतेही होती.

कोरेगावचे तसेच आहे. सैन्याने स्तंभ टोपीवरून काढला. माजी सैनिकांनी आणि समता सैनिक दलाने तो काढला नाही. दरवर्षी १ जानेवारीला निवृत्त जवान गणवेशातले बिल्ले आणि पदके लावून स्तंभाला मानवंदना देतात. हा स्तंभ परक्या कंपनीच्या विजयाचा आहे, त्याला वंदन का, असा आक्षेप घेतला जातो. हा आक्षेप दगड कोणी उभारला एवढेच पाहतो. त्या दगडाचा उपयोग कोणी आणि कशासाठी केला हे पाहिले, तर १८९४ चा पेन्शनरांचा अर्ज, १९४१ चा बिल्ला आणि आजची मानवंदना एकाच ओळीत येतात. राज्यकर्त्याने दिलेले चिन्ह त्याच्याच सोयीचे असते. ते हातात घेऊन ‘मग माझा हक्कही द्या’ असे म्हणणारी संघटना उभी राहिली, तरच ते सैनिकाचे होते.

सह्याद्रीच्या डोंगरांतल्या कोळी पलटणीच्या त्या ६०० जणांना तेवढा अवधीच मिळाला नाही. चार वर्षांत पलटण मोडली. पेन्शनरांची पिढी तयार व्हायच्या आत माणसे पुन्हा मजूर झाली. म्हणून १८५७ मध्ये फासावर गेलेल्यांची स्मारके आणि जयंत्या या भागात उभ्या राहतात, पण त्याच जमातीतल्या, सरकारी गणवेश घातलेल्या त्या सैनिकांबद्दल कोणी फारसे बोलत नाही. दोघेही त्याच गावांतले, त्याच आडनावांचे, कित्येकदा त्याच घरांतले असणार. बंडखोर आणि पलटणीतला शिपाई यांना एकाच इतिहासात जागा देणे हे काम अजून बाकी आहे, आणि ते सरकारी गॅझेटियरने करण्यापेक्षा हरसूल-पेठच्या शाळांत शिकणाऱ्या मुलांनी आपल्या गावच्या नोंदी शोधून करावे हे अधिक बरे. त्या सहाशेंमध्ये कोण कोण होते, हा त्यांचा पहिला प्रश्न असायला हवा.